गार हात

दवाखान्यामागच्या ओढ्यात शायिरनं दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि दात आवळून शंभरपर्यंत आकडे मोजले. वितळलेल्या बर्फाचं पाणी ते, थेट हाडात शिरलं. शिरू दे! अंगातला भडका उतरला की रक्तदाबही उतरणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

रस्त्यावर धाकटा दीर तोलोन गाडी घेऊन थांबला होता. नर्सनं होकार दिला तरच तो तिला सगळ्यांबरोबर डोंगरावर, उन्हाळ्याच्या कुरणावर नेणार होता. नाहीतर तीन महिने ओस पडलेल्या गावात एकटीनं काढायचे. नवरा गेल्यापासूनचे हिवाळे तिनं कसेबसे ढकलले होते. उन्हाळाही तसाच गेला तर आपण भिंतींशी बोलायला लागू, याची तिला खरंच भीती वाटत होती.

आत दवाखान्यात नर्स नुरझादानं तिच्या डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि भुवया चढवल्या.

“एकशे अडुसष्ट! ताई, काय हे?”

“यंत्र बिघडलंय तुझं.”

“यंत्राला काही धाड भरली नाहीये.” तिनं मनगट धरलं आणि ती दचकलीच. “अगं बाई! ओढ्यात हात घातलेत ना? गारठ्यानं शिरा आवळतात, दाब उलट चढतो!”

शायिरनं मान खाली घातली.

“भडका उठतो गं. छातीपासून कपाळापर्यंत. चारचौघांत लाज वाटते.”

“पाळी थांबलीय ना? मग इस्ट्रोजेन ओसरलं. इतकी वर्षं तेच शिरा मऊ, लवचीक ठेवत होतं. आता त्या मनाला येईल तेव्हा उघडतात, म्हणून भडका. आणि हळूहळू ताठरत जातात, म्हणून दाब.”

“म्हणजे तेही सोडून गेलं म्हण.”

नुरझादा हसली नाही. तिनं स्टूल जवळ ओढलं, तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि चोळत राहिली. ऊब यायला बराच वेळ लागला. शायिर खिडकीबाहेर बघत होती. डोळे भरून आले होते, ते तिला दाखवायचे नव्हते.

पुन्हा पट्टा फुगला.

“एकशे अडतीस. जा कुरणावर. पण गोळी रोज घ्यायची, आणि डोकं दुखलं तर लगेच खाली यायचं. कळलं?”

बाहेर भोंगा वाजला.

“वहिनी, आटपा! मेंढ्यासुद्धा पुढे गेल्या!” तोलोन ओरडला.

शायिर उठली नाही. तिनं उजव्या हाताची बाही हळूच वर सरकवली.

“ह्याचंही बघ ना एकदा,” ती म्हणाली. “हा अजून गारच आहे.”