पिल्लांवर पालथी घातलेली टोपली

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची टोपली आहे. भांडुपच्या एका बुरुडाने मला विणले आणि गोराईच्या सुंदराबाईंनी मासे विकायला घेतले. दहा वर्षे मी त्यांच्या डोक्यावर बसून बोरिवलीचा बाजार केला. मग प्लास्टिकचे टब आले आणि मी अंगणात पडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तिथून मला गुणाजींनी आपल्या गावी नेले. एका संस्थेसाठी ते किनाऱ्यावर कासवांची घरटी राखत. मादी वाळूत अंडी पुरून समुद्रात परत जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात, तेव्हा कावळे, कुत्री टपलेलीच असतात. म्हणून गुणाजी मला घरट्यावर पालथी घालत, पिल्ले जमली की मोजत आणि ऊन चढण्याआधी सोडून देत.

"ह्या टोपलीन जेवढी पिल्लां राखल्यान, तेवढी माणसांनी राखूक नाय," असे ते सर्वांना सांगत. मी फुलून जाई.

गेल्या मार्चमध्ये संस्थेच्या नीलम मॅडमनी पिल्ले सोडण्याचा कार्यक्रम ठेवला. मांडव घातला, मोठ्या साहेबांना बोलावले. सूर्य उगवताना माझ्याखाली एकसष्ट पिल्ले होती. गुणाजी मला उचलायला वाकले.

"थांबा ना गुणाजी, साहेब निघालेत. दहा मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ऊन चढलां तर पिल्लां मरतली."

"वर टोपली आहे ना? सावलीच आहे की."

गुणाजींची नोकरी मॅडमच्या हातात होती. ते मला तशीच ठेवून मागे सरले. त्यांचा आणि माझा, दोघांचाही मला आजतागायत राग येतो.

साहेब साडेदहाला आले. सत्कार झाला, निसर्ग वाचवण्यावर भाषण झाले. वाळू तव्यासारखी तापली होती. पिल्ले समुद्राच्या बाजूने माझ्या कामट्यांना धडका देत होती. नंतर धडका कमी झाल्या.

मला उचलले तेव्हा बावीस पिल्ले पाण्याकडे चालू लागली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. उरलेली एकोणचाळीस गुणाजींनी माझ्यातच गोळा केली आणि वर बॅनरचा तुकडा टाकला. पेपरात कार्यक्रम यशस्वी झाल्याचे छापून आले.

आता गुणाजी मला हात लावत नाहीत. मी त्यांच्या पडवीत पडून आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. हवे तर चुलीत घाला. पण उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाताखाली अशी टोपली असली, तर ऊन यायच्या आत ती उचला. साहेब रागावले तर रागावू द्या.