हात न लावलेला प्रोग्राम

“काका, उद्या तुम्हाला काही झालं, तर हे काम कोण बघेल?”

घरात पाऊल टाकून पंधरा मिनिटं झाली नाहीत, तोच ही पोरगी आमच्या ह्यांच्या मरणावर आली! विद्यापीठातून आले म्हणाली. एकमेकांच्या आधारावर उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरवर संशोधन करते म्हणे. मला पहिल्यापासूनच काहीतरी काळंबेरं वाटत होतं. फुकट कोणी कोणाच्या दारात येत नाही.

“काही होत नाही त्यांना,” मी चहाचा कप तिच्यापुढे आपटलाच. “साधं ब्लडप्रेशर नाही.”

हे गोदामात कारकून होते. दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजणारा एवढासा प्रोग्राम ह्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला आणि सगळ्यांना वापरायला खुला ठेवला. आज चार हजार सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतात, दवाखान्यांचीसुद्धा, असं ती म्हणाली. हे घरात कधी बोलले नव्हते. माझा संशय पक्का झाला. हिला तो लाटायचा होता.

हे चष्मा आणायला आत गेले, तशी मी तिच्या कागदांत डोकावले. लांबलचक यादी होती. ह्यांच्या प्रोग्रामपुढे लाल अक्षरांत ‘मृत’.

“हे काय लिहिलंय?”

पोरगी कावरीबावरी झाली. “काकू, आमचा नियम आहे. दोन वर्षं एकही बदल नसला, की प्रोग्राम मेला असं धरायचं. लाखो आहेत हो, कुणाकुणाच्या घरी जाणार? पण ह्याच्यावर एवढे लोक विसंबून, म्हणून राहवलं नाही.”

“आता बघितलंत ना जिवंत? खोडा मग!”

“खोडते. पण यादी कॉम्प्युटर बनवतो, दर महिन्याला. तो परत तेच लिहिणार. आणि यादी बघून लोक प्रोग्राम काढून टाकतात.”

हे दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं.

“चुकत नाही, म्हणून हात लावत नाही,” हे हळूच म्हणाले. “रोज सकाळी तपासतो मी.”

रोज सकाळी हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत बसायचे. मला वाटायचं, निवृत्तीनंतरचा चाळा. मी हसायचेसुद्धा. फार वाईट वाटलं.

ती गेल्यावर घरातलं काही गेलं का, ते मी बघून घेतलं. सगळं जागच्या जागी होतं.

हे कॉम्प्युटरसमोर बसले. गरज नसताना ह्यांनी जन्मात कशात खाडाखोड केलेली नाही. बराच वेळ बसून शेवटी प्रोग्रामच्या तळाशी एक रिकामी ओळ घातली. बदलाचं कारण लिहायला चौकोन आला. वर जुनी कारणं दिसत होती, ‘लीप वर्षाची चूक दुरुस्त केली’ अशी, नेमकी.

ह्यांनी चष्मा पुसला. मग दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘मी आहे.’