नाकमामांची काडी

नाकमामांचं खरं नाव कारखान्यात कुणालाच आठवत नव्हतं. बावीस वर्षं प्लास्टिकच्या मशीनवर काढलेला माणूस. प्लास्टिकच्या दाण्यांचं नवं पोतं फोडलं की एक दाणा चिमट्यात धरायचा, काडी लावायची आणि नाक पुढे करायचं. मेणबत्तीसारखा वास आला तर माल उकळत्या पाण्यातही टिकणार. काळा धूर निघून काजळी उडाली तर गरम चहा पडताच मान टाकणार.

मग मालकांचे जावई कामावर आले. हातात पदवी, बोटांत अंगठ्या, अक्कल अजून वाटेत. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "हे वास घेणं बंद! पोत्यावर लिहिलंय ते वाचा. पुन्हा काडी दिसली तर घरी बसा."

मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि बायकोचं औषधपाणी पगारावर चालायचं. त्यांनी काडेपेटी खिशात टाकली. पुढचं पोतं आलं तेव्हा मात्र राहवेना. लपून काडी लावली. काजळी थेट भुवईवर! सांगणार कुणाला? जावईबापूंनी त्याच दाण्यांचे कप काढवले, तेही इस्पितळातल्या रुग्णांसाठी.

कप पसंत करायला इस्पितळाच्या मुख्य परिचारिका आल्या. मालकही हजर होते.

"मामा, चहा ओता," जावई म्हणाले.

कोमट ओतला असता तर नोकरी वाचली असती आणि उद्या एखाद्या थरथरत्या म्हातारीचा हात भाजला असता. मामांनी किटली पुन्हा शेगडीवर ठेवली, खळखळून उकळी आणली आणि कप काठोकाठ भरला.

जावयांचं भाषण लांबलं. शेवटी कप उचलून ते म्हणाले, "दगड आहे, दगड!" दगडाने कंबर मोडली. चहा सगळा त्यांच्या विजारीवर.

"चहा फार गरम होता!" ते किंचाळले.

"मग रुग्णांना गार चहा पाजू?" बाईंनी विचारलं.

मालक मामांवरच गरजले, "उद्यापासून येऊ नका!"

आता भ्यायचं कशाला? मामांनी वाकलेल्या कपाची कड कापून पेटवली. काळी काजळी टेबलभर उडाली. "पोतंच चुकीचं आहे, बाई."

"पुढचा माल हे पारखणार असतील तरच कप घेईन," बाई म्हणाल्या.

मालक कपापेक्षा लवकर मऊ झाले. "अहो, मामा तर आमचे घरचेच!"

मामांनी दुसरी काडी जावयांच्या हातात ठेवली. "घ्या, नाक जवळ आणा. पोत्यावर काय, काहीही लिहितात, जावईबापू. पदवीवरसुद्धा."