बाबाच्या मांडीवर

चार चित्रांचा तो पुठ्ठा — घर, छत्री, कप, मासा — त्याच्या कोपऱ्याचं प्लास्टिक सुटलेलं, आणि सुटलेल्या टोकाशी ठमीच्या बोटाचा चाळा चाललेला. खोलीच्या त्या टोकाला उभ्या राहून डोळे तपासणाऱ्या बाई एकेक चित्र दाखवणार, आणि बाबाच्या मांडीवर बसून ठमीनं पुठ्ठ्यावरच्या तशाच चित्रावर बोट ठेवायचं. चार वर्षांचं पोर. डोक्यात पाणी साठतं म्हणून कानामागून पोटापर्यंत कातडीखाली नळी, दोनदा ऑपरेशन झालेलं. “नजर कमी झाली तर नळी तुंबली असेल असं धरून चाला,” सर्जननी बजावलं होतं, “मग एक दिवसही घालवायचा नाही.” पण गेल्या दोन्ही खेपांना ठमी पैकीच्या पैकी. बाबा दुकानभर सांगत सुटला होता.

दुकान म्हणजे शिवणयंत्र, आणि यंत्र म्हणजे पाय... वीस वर्षं पायडल मारून गुडघ्यांना स्वतःची अक्कल आलेली. झोपेतसुद्धा शिवता तुम्ही, बायको म्हणते. काल त्यानं ठमीला जमिनीवर बसवून कोटाची बटणं समोर मांडून सांगेल ते शोधायला लावलं, गंमत म्हणून — तर तिला एक धड सापडेना, हात भलतीकडेच. मांडीवर घेतली मात्र, लगेच बरोबर. पुन्हा खाली, पुन्हा चूक. आणि मग त्याला आपला गुडघा उमगला: बटण उजवीकडे असलं की उजवा किंचित वर... पोर बटणं बघतच नव्हती. मला चाचपत होती. दोन्ही खेपा मीच पास झालो, लेकीच्या जागी.

बायकोला सांगितलं नाही. सांगायला काय, तोंड उघडायचं... पण मग तिसऱ्यांदा ते केस भादरणं, तो ढगळ झगा, ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी आपल्या मुठीतून सोडवून घेतलेलं तिचं बोट — थकलोय मी, खरंच थकलोय. एवढी एक खेप गुडघ्यावर निभावली तर कुणाचं काय जातं? तिचं जातं. हे कळतं, आणि कळूनही बाईंना ‘हिला एकटीला खुर्चीत बसवा’ एवढं म्हणवत नाही.

“काय ठमाबाई, करायची सुरुवात?” बाईंनी मासा वर धरला.

गुडघे हलू नयेत म्हणून त्यानं दोन्ही टाचा फरशीवर रोवल्या. ठमीचं बोट पुठ्ठ्यावर फिरलं, घरावर थांबलं, छत्रीवर गेलं... आणि वाट बघत राहिलं. पुठ्ठ्यावरचा मासा तिथून वीतभरही लांब नव्हता.

“दिसतंय ना गं?” बाईंनी विचारलं.

ती मागे वळली. त्याची हनुवटी, मग गाल, हातानं चाचपत म्हणाली, “बाबा, तू गेलास?”

“नाही गं. इथेच आहे.” पाय तसेच घट्ट... ती आपल्या चेहऱ्याकडे बघतेय की चेहऱ्याच्या जरा बाजूला, हे त्यानं इतके महिने बघायचं टाळलं होतं. आता त्यानं मान खाली केली, आणि बघितलं.