पालथा पुरलेला रांजण

आमच्या गल्लीच्या टोकाला इसाकुकाका राहायचे. बायको शिगेनो गेल्यापासून एकटेच. मागच्या अंगणात हात धुण्याचं दगडी भांडं होतं आणि त्याच्या पुढ्यात, गोट्यांखाली, त्यांच्या वडिलांनी पालथा पुरलेला एक रांजण. पाणी गोट्यांतून झिरपायचं, रांजणाच्या बुडाच्या भोकातून आत टपकायचं आणि जमिनीच्या पोटातून बारीक किणकिण यायची. काका रोज संध्याकाळी पळीभर पाणी ओतून ऐकत बसायचे.

एका शरदात किणकिण थांबली. काकांनी शेजारच्या तात्सुएला बोलावलं.

"बघ गं जरा. मेला मुका झालाय. माती भरली वाटतं."

काकांनी पळीभर पाणी ओतलं. तात्सुए वाकून ऐकत राहिली. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "काका, रांजण बोलतोय हो! छान बोलतोय!"

घरात बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे कान गेल्याचं काकांना कळलंच नव्हतं.

"म्हणजे माती माझ्यात भरली म्हणायची," ते हसत म्हणाले. पण हातातली पळी त्यांनी खाली ठेवली.

तात्सुएला राहवलं नाही. तिनं त्यांचा हात धरला आणि थेंब पडला की तळव्यावर बोट टेकवू लागली. टक, टक, टक. काकांनी हात मागे ओढला.

"एवढी घाई? गाडी चुकतेय का तुझी?"

"तुम्हीच भसाभसा ओतलंत!" ती पुन्हा कानाशी ओरडली.

"मग थोडं ओत. दोन थेंबांच्या मध्ये जे असतं ना, त्याच्यासाठी बसायचं. नुसता आवाज हवा तर डबा बडवावा."

तिनं जेमतेम ओतलं. बोट टेकलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. काकांनी डोळे मिटून घेतले. बोट पुन्हा टेकलं.

"हां," ते हळूच म्हणाले.

वसंतात तात्सुए मुलीचं बाळंतपण करायला नागोयाला गेली, ती तिकडेच राहिली. जाण्याआधी तिनं रांजणाचं चारचौघांत सांगितलं होतं, त्यामुळे रविवारी माणसं ऐकायला येऊ लागली. काका त्यांना चहा द्यायचे, बेतानं पाणी ओतायचे आणि समोरच्या चेहऱ्यांकडे बघत बसायचे. कुणाची मान किंचित कलली, की यांना कळायचं, थेंब पडला.

एकदा सगळे गेल्यावर मी मोठ्यानं विचारलं, "काका, हल्ली संध्याकाळी एकटे बसत नाही?"

"बसून कुणाकडे बघू?" ते म्हणाले आणि पेले गोळा करून आत विसळायला गेले.