रेबेकाबाईंची मनुकांची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. अंगाने पांढरी, गळ्याशी तपकिरी. तुमच्या घरातल्या बरण्यांसारखीच दिसते, पण मी आयुष्यात लोणचं पाहिलेलं नाही. हे मी थोड्या तोऱ्यानेच सांगते.

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. गवतात गुंडाळून मला पेणच्या बाजारात आणलं. तिथे रेबेकाबाईंनी मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि "हीच द्या" म्हणाल्या. त्यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. अशी मी रोह्याला त्यांच्या घरी आले.

रेबेकाबाई यहुदी. त्यांच्याकडे शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागतो. दिवा लावायचा, प्रार्थना म्हणायची आणि पेल्यातून सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा. परदेशात त्या पेल्यात वाइन असते. आमच्या कोकणातल्या यहुद्यांकडे मात्र काळ्या मनुकांचं सरबत असतं. सकाळपासून मनुका माझ्या पोटात भिजायच्या. संध्याकाळी रेबेकाबाई त्या कुस्करून मलमलीच्या फडक्यातून पिळायच्या. सरबतच असल्यामुळे शेजारच्या नूरबानोही हक्काने वाटी पुढे करायच्या. दुपारी त्यांच्याकडे जुम्म्याचं जेवण, संध्याकाळी आमच्याकडे सरबत. शुक्रवार दोन्ही घरांचा होता आणि माझी चैन होती.

रेबेकाबाईंचा मुलगा नथानियल इथल्या एका कंपनीत शिफ्ट करायचा. पुढे त्याला फ्रान्समध्ये, द्राक्षांच्या मुलखात काम मिळालं. वाइन बाटल्यांत भरणारी यंत्रं सांभाळायची. तो आईलाही घेऊन गेला. निघताना रेबेकाबाईंनी मला नूरबानोंच्या हातात दिलं आणि "सांभाळ गो" एवढंच म्हणाल्या.

इथेच घोटाळा झाला. नूरबानोंनी मला अमानत मानलं. अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव, ती वापरायची नसते. त्या मला रोज पुसायच्या, पण माझ्यात कधी चिमूटभर मीठही घातलं नाही. त्यांची सून हुमेरा एकदा कैरीच्या फोडी घेऊन आली, तर तिला बोलणी खावी लागली. बारा वर्षं मी फळीवर, चकचकीत आणि रिकामी. अडगळीत पडलेल्या वस्तूची निदान कीव तरी करतात. मला बघून सगळे म्हणायचे, किती छान जपलीय. मला फार राग यायचा.

यंदा थंडीत फोन आला. रेबेकाबाई आणि नथानियल आठवडाभर राहायला येणार होते आणि जाताना मला नेणार होते. मी हरखले. पण त्या दिवशी मला पुसताना नूरबानोंचा हात जरा जास्तच रेंगाळला.

घरात धांदल उडाली. हुमेराने पाहुण्यांसाठी कोलंबी आणली.

"कोलंबी त्यांच्यात चालत नाय गो," नूरबानो म्हणाल्या. "खवल्यांचा मासा लागतो. जिताडा सांग."

मग पेणहून जिताडा आला आणि कोलंबी घरच्यांनीच आनंदाने संपवली.

पाहुणे आले, अंगणात खुर्च्या मांडल्या आणि गप्पांतून उठायला कुणी तयारच नव्हतं. नथानियल फोनवर तिकडच्या द्राक्षांच्या मळ्याचे फोटो दाखवत होता.

"एवढी द्राक्षं! पाखरं नाय खात?" नूरबानोंनी विचारलं.

"खातात मावशी. मालक नुसता ओरडत बसतो."

शुक्रवारी सकाळी रेबेकाबाईंनी पिशवीतून मनुका काढल्या. त्याच मळ्यातली द्राक्षं त्यांनी स्वतः वाळवली होती.

"तिकडं सगळी हसतात मला," त्या म्हणाल्या. "वाइनच्या गावात ही बाई मनुका भिजवते. काचेच्या भांड्यात भिजवते, पण ती चव नाय लागत."

त्यांनी माझं झाकण काढून वास घेतला.

"हिच्यात काय ठेवायचीस गो?"

"काय नाय. तुझी अमानत ना ती."

रेबेकाबाई हसत सुटल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अगो, मी सांभाळ म्हटलेलं. उपाशी ठेव कुठं म्हटलेलं?"

मग माझ्यात मनुका पडल्या, पाणी पडलं. मी घाबरले. इतकी वर्षं कोरडी राहून कुठे तडा गेला असेल तर? पण एक थेंब झिरपला नाही. संध्याकाळी सगळे सरबत प्यायले. नूरबानोंनी घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाल्या, "व्हय, तीच चव हाय." इतकं सुख मला भट्टीतून बाहेर पडल्यापासून झालं नव्हतं.

निघायच्या दिवशी रेबेकाबाईंनी मला साडीत गुंडाळून, पोह्याच्या पापडांशेजारी बॅगेत ठेवलं. नूरबानो फडकं घेऊन फळीवरची माझी रिकामी जागाच पुसत राहिल्या. रेबेकाबाईंनी ते पाहिलं आणि मला पुन्हा बाहेर काढलं.

"बरणी इथंच राहू दे. मी झाकण नेते."

"नुसत्या झाकणाचं काय करशील?"

"माझ्या काचेच्या भांड्यावर ठेवीन. पण तू दर शुक्रवारी हिच्यात मनुका भिजवायच्या. रिकामी दिसली तर पुढल्या खेपेला उचलून नेईन."

आता माझं झाकण फ्रान्समध्ये आहे आणि माझ्या तोंडावर नूरबानोंची फुलाफुलांची बशी असते. शुक्रवारी दुपारी त्या फोनवर मला दाखवतात, "भरलीय बघ." पलीकडे रेबेकाबाई माझं झाकण दाखवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी आठवण म्हणून फळीवर काही ठेवलेलं असेल. त्याला नुसतं पुसू नका, खाली काढा, वापरा. एखादा टवका उडाला तर उडू दे. आता मला जास्त बोलता येणार नाही. आज शुक्रवार आहे आणि माझ्या मनुका फुगायला लागल्या आहेत.