सहज मिळणारं काडतूस

दुकानदारानं दोन काडतुसं काचेवर उभी केली. एक बारीक, दुसरं जाडजूड.

"ताई, हे बारकं आता विसरा. मागणीच नाही, कारखाना कधीतरी बनवतो. हे जाडं कुठंही मागा, मिळतं."

वनरक्षक बाई स्टुलावर टेकली होती. गाडीखाली सापडून तडफडणाऱ्या, न वाचणाऱ्या जनावरांना गोळी घालून वेदनांतून सोडवण्याचं काम तिच्याकडे होतं. उजवा खांदा एकदा मोडून जुळलेला, म्हणून तिनं हट्टानं बारक्या काडतुसाची रायफल निवडली होती. धक्का जेमतेम जाणवायचा. पण काडतुसांसाठी दुकानं पालथी घालून ती आणि नवरा दोघंही मेटाकुटीला आले होते.

"ताकद सारखीच?"

"तुमच्या कामापुरती सारखीच. पण हे जाडं गाढवासारखी लाथ मारतं, खोटं कशाला बोलू?"

"मग राहू दे. जुनी आहेत त्यात भागवते."

पुढच्याच आठवड्यात फोन आला, महामार्गावर ट्रकनं हरणीला उडवलं होतं. मागचे पाय पार मोडलेले. जनावरांच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. नवऱ्यानं बघ्यांना मागं सारलं. तिनं नेम धरला, चाप ओढला. नुसतं खट्ट! बार उशिरा उडायचा धोका असतो, म्हणून काही क्षण थांबून तिनं काडतूस बदललं. पुन्हा खट्ट. हरणी पुढच्या पायांवर उठू बघत होती. तिसऱ्या काडतुसाचा बार उडाला.

परतताना नवरा म्हणाला, "जुना माल होता. तुझी काय चूक?"

"हरणीला त्याचं काय हो?"

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. "जाडं द्या. आणि त्याची रायफल दाखवा."

दुकानदारानं रायफल काढली. धक्का कमी बसावा म्हणून दस्त्याला रबराची जाड गादी बसवून दिली.

सरावाच्या मैदानावर पहिल्याच बाराला तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पुरे आता," नवरा म्हणाला.

"नेम बसल्याशिवाय नाही."

नेम बसला, पण घरी आल्यावर हात वर होईना. नवऱ्यानंच तिचे केस विंचरले, वेणीही घातली.

आरशात बघून ती म्हणाली, "अहो, ही वेणी आहे की दोरखंड?"

बऱ्याच दिवसांनी दोघं हसली. मग ती डोळे मिटून त्याच्या अंगावर रेलली. फोन मात्र तिनं हाताशीच ठेवला होता.